खोका बांधताना: परदेशात तैनात जवानांच्या घरच्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मुलाला दक्षिण सुदानमध्ये पाठवलेल्या दिवाळीच्या खोक्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी हे पानच माझ्या हाती दिलं. मी सातारा जिल्ह्यातली. आमचे हे लष्करी टपाल खात्यात २४ वर्षं होते. त्यातलं एक वर्ष काँगोत, गोमा शहरात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर. मुलगा पायदळात, तो दक्षिण सुदानमध्ये मलकालला वर्षभर राहून आला. म्हणजे आधी नवऱ्यासाठी खोके बांधले, मग पोरासाठी. खाली टपालाचं जे आहे ते ह्यांना विचारून लिहिलंय, खाण्यापिण्याचं माझं स्वतःचं.

काकू, लग्नाला दीड वर्ष झालं. आमचे मिस्टर पहिल्यांदाच शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेलेत. सासूबाई म्हणतात, दिवाळीचा सगळा फराळ पाठवायचा. मला कळत नाही काय टिकेल, काय नाही. कधी पाठवू तेही सांगा. (कराड तालुका)

पोरी, सासूबाईंचं मन मोडू नकोस, पण सगळा फराळ पाठवू नकोस.

तिकडे पोटाला कमी नसतं. रेशन संयुक्त राष्ट्रांकडून येतं आणि आपल्याच लंगरात डाळ, भात, चपाती शिजते. पण लंगरातला स्वयंपाक सगळ्या प्रांतांतल्या पोरांना चालेल असा करावा लागतो, त्यामुळे आपल्या घरची चव तेवढी राहून जाते. म्हणून ताटाच्या कडेला वाढायच्या गोष्टी आधी घे: शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, मेतकूट आणि घरचा कांदा-लसूण मसाला. मुलगा सांगायचा, मेतकूट-भात पहिल्यांदा खाल्लेला पंजाबचा एक पोरगा नंतर मेतकुटाची पुडी स्वतःच्या ट्रंकेत ठेवायला मागायचा.

शेंगदाण्याची चटणी नेहमीसारखी कुटून पाठवलीस तर महिन्याने पुडीत बुरशी सापडेल, कारण लसणात पाणी असतं. लसणाच्या पातळ चकत्या करून तव्यावर मंद आचेवर अगदी कुरकुरीत होईपर्यंत परत. बोटात धरल्यावर मोडली पाहिजे, वाकता कामा नये. दाणे खमंग भाज. मीठसुद्धा तव्यावर कोरडं करून घे. मग सगळं ताटात पसरून पूर्ण गार होऊ दे आणि मगच कूट. घाईने कोमट भरली की आत वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. तेलाचा थेंब घालू नकोस. एक किलोची एक पिशवी करण्यापेक्षा पाव-पाव किलोच्या चार कर. तिकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की फोडलेली पुडी चार दिवसांत सादळते. किराणा दुकानदाराकडे पिशवी चिकटवायचं मशीन असतं. पुड्या त्याच्याकडून बंद करून घे आणि प्रत्येकीवर नाव आणि तारीख लिही.

फराळात शंकरपाळी सगळ्यांत भरवशाची. चकलीचा प्रवासात भुगा होतो, तिच्याऐवजी कडबोळी कर. चिवडा भाजक्या पोह्यांचा चालेल, पण त्यात खोबऱ्याचे काप घालू नकोस, ते खवट होतात. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुळीच नकोत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या सामानात त्याला मनाई आहे. आपल्याकडे ओटी भरताना खोबऱ्याची वाटी लागतेच, त्यामुळे कितीतरी आया भावनेच्या भरात ती खोक्यात टाकतात आणि तपासणीत अख्खा खोका अडकतो. बेसनाचे लाडू चालतील, बेसन साजूक तुपात खरपूस भाजलेलं असलं पाहिजे. ओल्या नारळाचं काहीही नको. हे मी चुकूनच शिकले. ह्यांना गोम्याला पाठवलेल्या माझ्या पहिल्या खोक्यात ओल्या नारळाच्या करंज्या होत्या. "पोचल्या, छान होत्या," असं यांनी फोनवर सांगितलं. डबा उघडल्यावर करंज्यांवर हिरवी लव आली होती, हे मला दोन वर्षांनी यांच्या मित्राच्या तोंडून कळलं.

खाण्याशिवाय सहा जोड सुती मोजे घाल. मलकालची माती आपल्या काळ्या रानासारखीच, पाऊस पडला की बूट ओढून घेते. पाय आठ-आठ तास ओले राहतात. पायाला लावायची पावडर, सुई-दोरा, वर्दीची जादा बटणं, चष्मा असेल तर एक जादा चष्मा. औषधं पाठवू नकोस. मलेरियाच्या गोळ्यांसकट सगळं तिथल्या डॉक्टरांकडे असतं आणि औषधांमुळे खोका कस्टममध्ये अडतो. पॉवर बँक, अंगावर मारायचा स्प्रे, लायटर, काडेपेटी हेही विमानाच्या टपालात चालत नाही.

फोटो छापून पाठव. पेन ड्राइव्हवर लग्नाचा व्हिडिओ पाठवणारे आहेत, पण लष्करात असल्या वस्तूंवर कडक नियम असतात. छापलेला फोटो उशीखाली राहतो.

आणि गणपती उठायच्या आत दिवाळीचा खोका टपालात पडला पाहिजे. माझे खोके कधी तीन आठवड्यांत पोचले, कधी दोन महिन्यांत.

माझ्या भावाला साताऱ्याचे कंदी पेढे आणि आईचं कैरीचं लोणचं जीव की प्राण. तो लेबनॉनमध्ये आहे. दोन्ही नीट पॅक करून पाठवता येईल का? (वाई)

पेढे नाही, दादा. खवा आहे तो, एवढा प्रवास सोसणार नाही. रजेवर आलेला कोणी परत जात असेल आणि सामानात न्यायला तयार असेल, तर आदल्या दिवशी ताजे घेऊन त्याच्या हातात द्या.

लोणचं तर टपालाने अजिबातच नको, आणि ते खराब होतं म्हणून नव्हे. आमचे हे गोम्याला फील्ड पोस्ट ऑफिसात होते. एकदा त्यांनी टपालाची थैली उघडली तर वरपासून खालपर्यंत लाल तेल. कोणाच्या तरी आईने प्लास्टिकच्या बरणीला झाकणावर दोरी बांधून लोणचं पाठवलं होतं. त्याच थैलीत इतर पोरांची पत्रं होती, काही आंतरदेशीय, शाईने लिहिलेली. ह्यांनी आणि अजून एकाने ती रात्रभर एकेक सुटी करून वर्तमानपत्रावर पसरली, पावडर टाकून टिपली. तरी काही पत्रांतली अक्षरं पार विरघळून गेली होती. ज्याची बरणी होती त्या पोराला सकाळी मान वर करून कोणाकडे बघता येईना. हे मला सांगताना आजही यांचा आवाज उतरतो.

लोणच्याचा कोरडा मसाला पाठवा. तिकडे लिंबू मिळालं की पोरं स्वतः कालवतात.

खोक्यावर पत्ता नक्की काय लिहायचा? माझा मुलगा काँगोत आहे, पण त्याने दिलेल्या पत्त्यात देशाचं नावच नाही, नुसतं "मार्फत ५६ एपीओ". कुरिअरवाला म्हणतो, हा पत्ता चालत नाही. (फलटण)

मुलाने दिलाय तोच पत्ता बरोबर आहे. त्यात एक अक्षरही घालू नका.

५६ एपीओ नावाचं गाव नाही. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, लष्कराच्या टपालाचा तो एक सामाईक पत्ता आहे. पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी तसाच ९९ एपीओ. तुकडी आज कुठे आहे हे पाकिटावरून कोणाला कळू नये, म्हणून गावाचं, देशाचं नाव लिहायचं नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ आणि पिनकोड, एवढंच. लष्करी टपालाचा पिनकोड ९ ने सुरू होतो, तो मात्र दोनदा तपासून बघा. खासगी कुरिअरला लष्करी टपालात शिरता येत नाही. मीही एकदा घाईत एका कुरिअरकडे खोका दिला होता. महिनाभराने तो "पत्ता अपूर्ण" असा शिक्का घेऊन आमच्याच दारात परत आला, आतला चिवडा खवट झालेला. टपाल कार्यालयातच जा. मिशनवरच्या तुकडीला ही सोय नसेल आणि नेहमीच्या परदेशी टपालाने पाठवावं लागणार असेल, तर मुलगाच तसा वेगळा पत्ता कळवेल. तेव्हा कस्टमचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर नुसतं "खाण्याच्या वस्तू" लिहू नका. शेंगदाणा चटणी ५०० ग्रॅम, शंकरपाळी १ किलो, असं एकेक इंग्रजीत लिहा आणि किंमतही खरी लिहा.

पूर्वी आम्ही खोका मांजरपाटात शिवून, लाख लावून मगच टपालात न्यायचो. आता खोका उघडा न्या, खिडकीवर दाखवा आणि तिथेच बंद करा. मात्र बंद करायच्या आधी हलवून बघा. आतून आवाज आला तर रिकामी जागा आहे, ती भरा. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवा, बाहेरचा कागद फाटला तर तीच कामी येते.

ह्यांना टपालाच्या तिकिटांचा फार नाद आहे, तुमचं पत्र वाचून त्यांनी लगेच वही काढली. कोरियातलं युद्ध थांबल्यावर १९५३ मध्ये युद्धकैद्यांची देखरेख करायला आपली फौज गेली होती. तिच्यासाठी भारताच्या नेहमीच्या तिकिटांवर देवनागरीत "भारतीय संरक्षा कटक कोरिया" असं छापलं होतं. पुढे काँगोतल्या आणि गाझातल्या आपल्या जवानांसाठीही अशी वेगळी छापलेली तिकिटं निघाली. इतक्या लांबून पत्र यायचं, पण तिकीट आपलंच.

आमच्या जुन्या घराची माळवद काढताना पितळेची एक चपटी डबी सापडली. झाकणावर एका मुलीचा चेहरा आणि इंग्रजीत "ख्रिसमस १९१४" असं आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे होते एवढंच माहीत आहे. तुमच्या खोक्यांचं वाचून वाटलं, तुम्हाला विचारावं. (खटाव तालुका)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्हाला सापडला आहे तो खोकाच आहे, शंभर वर्षांहून जुना.

तो चेहरा इंग्लंडची राजकन्या मेरी हिचा. १९१४ च्या ऑक्टोबरात, सतरा वर्षांची असताना, तिच्या नावाने निधी गोळा झाला आणि लढणाऱ्या प्रत्येकाला नाताळची भेट म्हणून अशी पितळी डबी द्यायचं ठरलं. डब्या इतक्या लागल्या की वाटप पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. गोऱ्या शिपायांना सोबत तंबाखू आणि सिगारेट होत्या. हिंदी फौजेसाठी मात्र वेगळा विचार केला होता. शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. गुरख्यांना गोऱ्यांसारखंच. बाकीच्या हिंदी शिपायांना, म्हणजे तुमच्या पणजोबांसारख्यांना, सिगारेट, खडीसाखर आणि मसाल्याची डबी. पखाली वाहणाऱ्या भिश्त्यांना नुसता मसाला.

खडीसाखर आणि मसाला! शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी बसून विचार केला होता की या माणसाला त्याच्या तोंडाची चव मिळाली पाहिजे. मी आज कांदा-लसूण मसाल्याची पुडी बांधते ती याहून वेगळं काय करते?

बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिकडे पुण्याची सहावी डिव्हिजन गेली होती आणि तिच्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून ही डिव्हिजन कुत-अल-अमारा या गावात वेढ्यात अडकली. अन्न संपत आलं तेव्हा विमानांतून पिठाची पोती टाकली. धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, म्हणून जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले. तेही पुरलं नाही आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. तुमचे पणजोबा त्यांत होते की नंतर गेले, हे त्यांची पलटण कळल्याशिवाय सांगता येणार नाही. घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा, नंबर, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. डबी चिंच लावून घासू नका. मऊ कोरड्या फडक्याने पुसा आणि तशीच ठेवा.

मी न्यू जर्सीत राहते. माझी मुलगी अमेरिकन सैन्यात आहे, सध्या दक्षिण कोरियात. इथल्या आया बिस्किटं, कॉफी पाठवतात. मी फराळ पाठवला तर तिला अवघडल्यासारखं होईल का? (न्यू जर्सी, अमेरिका)

ताई, तिलाच विचारा, पण माझा अंदाज सांगते. खोका आला की तो तिचा एकटीचा राहत नाही, भोवती पाच-दहा जण जमतात. शंकरपाळी जगात कोणालाही आवडते. तिच्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी लावा, त्यात काय काय आहे ते लिहा. शेंगदाणा असेल तर ठळक लिहा, तिकडे पुष्कळांना त्याची ॲलर्जी असते.

तुमच्याकडेही एपीओच असतं. कोरियासाठी राज्याच्या जागी एपी लिहितात, युरोप आणि आखातासाठी एई. भाडं देशांतर्गत दराचं पडतं आणि ठरावीक भाड्याचा मोठा खोका ७० पौंडांपर्यंत कितीही जड झाला तरी भाडं तेच, त्यातही लष्करी पत्त्याला सवलत. कस्टमचा फॉर्म मात्र लागतो. प्रत्येक एपीओच्या झिपकोडनुसार काय चालतं, काय नाही याची यादी टपाल कार्यालयात मिळते, ती आधी बघा.

आमच्या शाळेतल्या मुलींना परदेशात असलेल्या जवानांना राख्या पाठवायच्या आहेत. (शिक्षिका, खानापूर तालुका)

बाई, नक्की पाठवा, पण आषाढ लागताच. राखी नंतर पोचली तर पोरं ती बांधतातच, पण वेळेवर आलेल्या राखीची गोष्ट वेगळी. गोंड्याच्या, रेशमाच्या साध्या राख्या करा. काचेचे मणी आणि चमकी वाटेत गळते. मुलींना स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहू द्या, फळ्यावर एक मजकूर लिहून सगळ्यांकडून उतरवून घेऊ नका. मुलाच्या तुकडीला अशी एकसारखी चाळीस पत्रं आली होती. त्यांतलं एकच त्याला आठवतं, कारण त्या मुलीने शेवटी लिहिलं होतं, "आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली, एकाचं नाव सुचवा." अख्ख्या बराकीत त्यावर मतदान झालं. मुलीचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता नको, शाळेचा पत्ता पुरे. आणि जवानाचं नाव, युनिट असलेल्या पाकिटाचा फोटो काढून मोबाईलवर कुठेही टाकू नका.

माझा मुलगा मिशनवर आहे. त्याच्या आजीची तब्येत फार बिघडली आहे, तिने त्याला वाढवलंय. फोनवर सांगायचा धीर होत नाही. खोक्यात चिठ्ठी घालून कळवावं, असं घरात चाललंय. (जावळी तालुका)

नको, बाई. खोक्यात नको.

चिठ्ठी पोचेपर्यंत महिना जाईल आणि तोवर काय झालेलं असेल ते आपल्या हातात नाही. शिवाय खोका एकट्याने उघडला जात नाही. सगळे भोवती बसलेले असतात, कोणी चाकू आणतो, कोणी वर्तमानपत्राचे बोळे सरळ करून वाचायला घेतो. मी तर आता मुद्दाम आमचा दैनिक ऐक्यच गुंडाळते, पोरं बाजारभावसुद्धा वाचतात. अशा घोळक्यात त्याच्या हाती ती चिठ्ठी पडू देऊ नका. त्याला फोन करा, खरं सांगा. त्याचा फोन लागत नसेल तर त्याच्या युनिटच्या भारतातल्या कार्यालयात कळवा, ते निरोप पोचवतात आणि रजेचं काय होऊ शकतं तेही त्यांनाच ठाऊक असतं. आजीला बोलता येत असेल तर आजच दोघांचं बोलणं करून द्या.

मी हे सांगते त्याला कारण आहे. हे गोम्याला असताना सासूबाई गेल्या. मी त्याच दिवशी फोन केला. पण दहा दिवस आधी पाठवलेला एक खोका वाटेत होता, तो परत बोलावता येण्यासारखा नव्हता. त्यात सासूबाईंनी वळलेले बेसनाचे लाडू होते. त्या प्रत्येक लाडवावर बेदाणा ठेवून अंगठ्याने दाबायच्या, त्यामुळे वर एक खळगा पडायचा. खोका पोचला तो नेमका तेराव्याच्या आदल्या दिवशी. ह्यांनी दुसऱ्या दिवशी लंगरात डबा नेला आणि जेवणानंतर एकेकाच्या हातावर एकेक लाडू ठेवला. चाळीस लाडू होते, सगळे वाटले. बेदाणा असलेली बाजू वर करून द्यायचे, असं यांचे मित्र सांगतात.